उच्छ्वासातून रोगनिदान : वायुसंवेदकांची खरी अडचण

मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इन्सुलिनअभावी पेशींना साखर वापरता येत नाही, यकृत चरबीचे विघटन करू लागते आणि त्यातून निर्माण होणारे अ‍ॅसिटोन रक्तावाटे फुफ्फुसात येऊन बाहेर पडते. १९७१ साली लायनस पॉलिंग यांनी माणसाच्या उच्छ्वासात असे सुमारे २५० पदार्थ असल्याचे दाखवले. त्यांची पद्धत होती गॅस क्रोमॅटोग्राफी; अचूक, पण महाग आणि वेळखाऊ. तेच काम हातात मावणाऱ्या स्वस्त संवेदकाने करावे, असा प्रयत्न तेव्हापासून चालू आहे.

सर्वांत स्वस्त संवेदक धातूच्या ऑक्साइडचे, बहुधा कथिलाच्या ऑक्साइडचे असतात. या अर्धवाहकाचा पातळ थर २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. वीज वाहायला इलेक्ट्रॉन कमी पडतात, विद्युतरोध वाढतो. अ‍ॅसिटोन किंवा हायड्रोजन तिथे पोचला, की त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. हा उतार मोजायचा. नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात जपानमध्ये हेच तत्त्व गॅसगळतीच्या घंटेसाठी वापरले. तिथे ते चोख चालते, कारण गळती कोणत्याही ज्वलनशील वायूची असली तरी घंटा वाजायलाच हवी.

निदानात नेमका हाच गुण नडतो. या थराला अ‍ॅसिटोन आणि हाताला चोळलेल्या सॅनिटायझरमधले अल्कोहोल यांत फारसा फरक कळत नाही. शिवाय उच्छ्वास बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो आणि बाष्पही त्याच पृष्ठभागावर जागा अडवते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी टंगस्टन ऑक्साइडमध्ये सिलिकॉन मिसळून अ‍ॅसिटोनला विशेष दाद देणारा थर तयार केला. ही कामगिरी मोठीच. पण अ‍ॅसिटोन उपाशी माणसाच्या उच्छ्वासातही वाढते, कडक कीटो आहार घेणाऱ्याच्या आणि दमछाक होईतो व्यायाम केलेल्याच्याही. म्हणजे वायू अचूक ओळखला तरी रोग ओळखला असे होत नाही. माझ्या मते या क्षेत्राची खरी अडचण इथे आहे. संवेदक किती सूक्ष्म मात्रा टिपतो, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो.

जिथे वायूचा उगम पक्का ठाऊक आहे, तिथे चाचण्या दवाखान्यात रुळल्या आहेत. उत्तम उदाहरण हायड्रोजनचे. मानवी पेशी हायड्रोजन तयारच करत नाहीत. तो येतो आतड्यातल्या जिवाणूंकडून. दूध न पचणाऱ्या माणसाला रिकाम्या पोटी लॅक्टोजचे पाणी पाजतात आणि दर अर्ध्या तासाने नळीत फुंकायला लावतात. न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात पोचली, की जिवाणू ती आंबवतात, हायड्रोजन रक्तात शिरतो आणि साध्या विद्युतरासायनिक संवेदकावर आकडा चढू लागतो. सुरुवातीच्या पातळीपेक्षा दहा लाख भागांत २० भागांची वाढ झाली, की चाचणी सकारात्मक. आदल्या दिवशी उसळी, डाळी खायच्या नाहीत, ही अट त्याच जिवाणूंपायी. दम्यातली नायट्रिक ऑक्साइडची चाचणीही अशीच. प्रौढांत अब्ज भागांत २५ भागांच्या खाली मात्रा असली तर ती कमी, ५० च्या वर गेली तर श्वासमार्गात स्टेरॉइडला दाद देणारा दाह असण्याची शक्यता बरीच. हा वायू श्वासनलिकांच्या भिंतींतून येत असल्याने फुंकण्याचा वेगही सेकंदाला ५० मिलिलिटर असा ठरवून दिलेला आहे. जोरात फुंकले, तर आकडा घसरतो.

दुसरा मार्ग ‘इलेक्ट्रॉनिक नाका’चा. वॉरिक विद्यापीठात कृष्ण पर्सौड आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ मध्ये तो मांडला. थोडे वेगवेगळे प्रतिसाद देणारे अनेक संवेदक एकत्र बसवायचे आणि कोणता पदार्थ किती, हे न विचारता सगळ्यांचा मिळून उमटणारा ठसा संगणकाला शिकवायचा. इस्रायलमधील टेक्निऑनच्या होसाम हाइक यांच्या गटाने याच मार्गाने १,४०४ जणांच्या उच्छ्वासावरून १७ रोगांमध्ये ८६ टक्के अचूकतेने फरक केल्याचे प्रसिद्ध केले. आकडा भारदस्त आहे, पण गावोगाव चाळणी लावायची झाली तर गणित बिघडते. समजा, एक लाख लोकांत ३०० क्षयरोगी आहेत आणि चाचणी रोगी व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते. ती २७० रुग्ण पकडेल आणि त्यांच्यासोबत ९,९७० निरोगी माणसांनाही. शंभर संशयितांत खरे रुग्ण जेमतेम तीन. त्यात ठसा रोगाचा, की त्या इस्पितळातल्या हवेचा, फिनेलचा आणि औषधांचा, हे पदार्थच ठाऊक नसल्याने तपासता येत नाही. म्हणून दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या ऋतूतल्या अनोळखी रुग्णांवर जी चाचणी टिकली नाही, तिच्या टक्केवारीवर विसंबू नये.

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोविडच्या एका उच्छ्वासचाचणीला आपत्कालीन परवानगी दिली. तिच्यात यंत्र होते क्रोमॅटोग्राफीचेच, प्रवासी बॅगेएवढे. आणि निकाल सकारात्मक आला, तर रेणवीय चाचणीने खात्री करून घ्या, अशी सूचना परवानगीतच होती.