मटियाबुर्जचा शिकारखाना

हुगळीच्या पूर्वतीरावर कंपनी सरकारच्या बड्या अंमलदारांनी दाट वृक्षराजीत बंगले उठवून शोभिवंत केलेल्या गार्डन रीच या कलकत्त्याच्या उपनगरात, नागपूरकर भोसल्यांची दौलत खालसा होऊन पुरती दोन-अडीच वर्षेही लोटली नव्हती तोच, 1856 साली अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह येऊन दाखल झाले. आणि बंडाच्या धामधुमीत फोर्ट विल्यममध्ये घडलेली नजरकैद संपताच सालिना 12 लाखांच्या तनख्यावर त्यांनी तेथल्या मटियाबुर्जला दुसरे लखनौ वसवले.

या लखनौत जनावरांचा इतमाम काय वर्णावा! बालपण तेथेच गेलेल्या अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवले आहे की, नूर मंझिलसमोर लोखंडी कठड्याने वेढलेल्या विस्तीर्ण आवारात चितळे मोकळी हिंडत, वाघांचे पिंजरे आणि माकडांचे खुराडे जवळच असत, आणि कबुतरे तर 24,000 च्या घरात होती. शहनशाह मंझिलपुढच्या हौदात कृत्रिम डोंगर रचून त्यात साप सोडले होते. ते गुळगुळीत भिंत चढू पाहत आणि पुनःपुन्हा घसरून खाली येत. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांनी राखलेला शिकारखाना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हौसेतील राजसपणा निराळा सांगावा लागणार नाही.

परंतु चितळांचा कळप जेथे बारमास कोंडलेला असतो, तेथे वृक्षांची कठोर कसोटी लागते. तोंड पोहोचेल तेथवरचा कोवळा फुटवा खुडला जातो, शिंगांवरची मखमल झडण्याच्या दिवसांत नर ती खोडांवर घासतात, आणि साल सभोवार सोलली गेली की उभे झाड वाळते. उपद्रव केवळ हरणांचाच नव्हे. 1879 साली नवाबांचा एक वाघ निसटला, हुगळी पोहून पैलतीरी गेला आणि 1864 च्या वादळात होरपळून नुकत्याच सावरू लागलेल्या शिबपूरच्या वनस्पती-उद्यानात शिरला.

तरीही गार्डन रीचची दाट झाडी पुढे नाहीशी झाली, याचा दोष मी या जनावरांच्या माथी मारणार नाही. 21 सप्टेंबर 1887 रोजी नवाब निवर्तले आणि शिकारखान्याचा लिलाव झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची मुख्य कचेरी पुढे गार्डन रीचलाच थाटली गेली, आणि 1892 मध्ये शेजारी खिदिरपूरची गोदी खुली झाली. बंगल्यांच्या बागा गेल्या त्या गोद्या, गिरण्या आणि कारखान्यांच्या पोटात. चितळांनी सोललेली साल त्यापुढे अगदीच किरकोळ होती.