पात्यावरची नाममुद्रा

अलिबागच्या समुद्रात, ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल अशा अंतरावर उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आहेत. आणि ज्या अर्थी किल्ला आंग्र्यांचा त्या अर्थी तोफाही आंग्र्यांच्याच, असे अनुमान करून पाहावयास येणारे बहुतेक गृहस्थ त्यांच्यावर कौतुकाने हात फिरवितात. वस्तुतः गाड्यावर कारखान्याचे नाव इंग्रजीत आहे: डॉसन, हार्डी, फील्ड, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर. हा लोखंडाचा कारखाना १७९१ साली सुरू झाला आणि सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्येच निवर्तले, एवढे दोन सनावळीचे आकडे शेजारी ठेवले की सरखेलांच्या आरमारी पराक्रमाशी या गाड्यांचा जोडला जाणारा संबंध आपोआप तुटतो. शिवाय नाव गाड्यावर आहे, आणि गाडा एका कारखान्याचा व नळी दुसऱ्याची असणे हे तोफखान्यात मुळीच नवलाचे नव्हते. म्हणून गाड्यावरील अक्षरांची साक्ष गाड्यापुरतीच घ्यावी.

तोफेच्या बाबतीत जो विवेक लागतो तोच, किंबहुना अधिक, तलवारीच्या बाबतीत लागतो. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये कोकण किनाऱ्यावरील चौलास कोट बांधण्यास प्रारंभ केला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हवाली झाला. या सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या काळात पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून युरोपीय बनावटीची लांब, सरळ पाती देशात येत राहिली, आणि त्यांना देशी मूठ व परज बसवून जे हत्यार सिद्ध झाले त्याला आपल्या लोकांनी सरळ ‘फिरंग’ म्हटले. अशा हत्याराची मूठ एका मुलखाची, पाते दुसऱ्या मुलखाचे, आणि कित्येकदा दोहोंच्या वयात एका पिढीचे अंतर. तेव्हा शिलेखान्याच्या नोंदीत ‘तलवार एक’ एवढे लिहून कारकून मोकळा झाला तरी अभ्यासकाला दोन वस्तूंचा तपास करावा लागतो.

पात्यावर छाप असला म्हणजे हा तपास सुकर होतो, असे वाटते खरे. परंतु जर्मनीतील पासाउ गावच्या कारागिरांचा धावता लांडगा पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनी निःसंकोचपणे आपल्या पात्यांवर उमटविला. बेल्लूनोच्या आंद्रेआ फेरारा या सोळाव्या शतकातील लोहाराचे नाव त्याच्या पश्चात पिढ्यान्‌पिढ्या कोरले जात होते. आणि जिनोआच्या समोरासमोरच्या दोन दातेरी चंद्रकोरींची नक्कल तर हिंदुस्थानातील लोहारांनीही केली. ज्या छापाची कीर्ती मोठी त्याचीच चोरी प्रथम होते, आणि म्हणून प्रसिद्ध छाप हा अप्रसिद्ध छापापेक्षा कमी विश्वासार्ह समजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे मोठे बोलके उदाहरण लंडनच्या राजसंग्रहातील ‘जगदंबा’ तलवारीचे आहे. १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूर दरबाराकडून युवराज एडवर्ड यांस नजर झालेल्या, आणि परंपरेने शिवछत्रपतींची मानल्या गेलेल्या या हत्याराचे पाते युरोपीय असून त्यावर येशूच्या नावाच्या ग्रीक रूपावरून सिद्ध झालेली ‘आय एच एस’ ही अक्षरे तीनदा उमटविलेली आहेत. देवीच्या नावाच्या तलवारीवर ख्रिस्ताची अक्षरे पाहून कोणी हळहळू नये वा चमत्कारही मानू नये. ही अक्षरे धंदेवाईक कारागीर सर्रास वापरीत. त्यांवरून पाते युरोपीय घाटाचे एवढे समजते, सालाचा पत्ता लागत नाही, आणि हत्यार कोणाच्या कमरेला होते याचा तर मुळीच नाही.

चाकूंच्या प्रांतात मात्र छाप अधिक प्रामाणिकपणे बोलतो, कारण तेथे कायदा मध्ये पडला. शेफील्ड येथील चाकूवाल्यांचा संघ १६२४ साली स्थापन झाला आणि प्रत्येक कारागिराचे चिन्ह तेथे दप्तरी नोंदविले जाऊ लागले. ‘रॉजर्सचा चाकू’ म्हणून ज्याचा लौकिक इकडच्या घराघरांत पोहोचला, त्याच्या पात्यावरील तारा व माल्टाचा क्रूस हे चिन्ह १६८२ चे. परंतु ते तेव्हापासून पुढे अखंड चालत राहिल्यामुळे एकट्याच्या बळावर ते कालनिर्णयास निरुपयोगी आहे. खरी खूण पात्यावर राजमुकुटाचा छाप असल्यास त्याच्या शेजारच्या अक्षरांत सापडते. ‘व्ही आर’ असेल तर चाकू व्हिक्टोरिया राणी गादीवर बसल्याच्या, म्हणजे १८३७ च्या, अलीकडचा. पुढे १८८७ साली विलायतेत आणि १८८९ साली हिंदुस्थानात मालावरील खोट्या छापांविरुद्ध कायदे झाले, आणि १८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले; त्यामुळे केवळ ‘शेफील्ड’ असलेला चाकू बहुधा जुना, ‘इंग्लंड’ जोडलेला त्यानंतरचा, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असा पूर्ण मजकूर असलेला साधारणतः विसाव्या शतकातील, अशी पायरी लागते. ही खालची मर्यादा होय. वरची मर्यादा कोणताच छाप सांगत नाही, कारण जुने ठसे झिजेपर्यंत वापरणे हा कारखानदाराचा स्वभावच असतो.

छाप पात्याच्या बुडाशी, मुठीलगत मारलेला असतो, आणि तेथवर शिकलगाराचा दगड सहसा पोहोचत नाही; म्हणून सुपारी कातरून व बोरू तासून निम्म्यावर आलेल्या पात्यावरही मुकुट शाबूत आढळतो. उलट ज्याचे पाते भरघोस आहे पण बुडाची अक्षरे मात्र घासून पुसट झाली आहेत, असा चाकू हाती आला तर घेणाऱ्याने किंमत ठरविण्यापूर्वी ती घासली का गेली याचा विचार करावा.