देवधर सरांचं वय

आठवीच्या वर्गात वयाची गणितं शिकवताना माझं एक उदाहरण दरवर्षी ठरलेलं असतं. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. १९४० साल सरत आलं असताना त्यांनी पुण्यात मुंबईविरुद्ध रणजी सामन्यात २४६ धावा केल्या. वय सांगा. फळ्यावर अठ्ठेचाळीस आकडा उतरतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, म्हणजे माझ्या बाबांएवढे?"

शाळा सुटली की याच मुलांना मी क्रिकेटच्या नेटवर नेतो. म्हणून असेल, पण देवधर मला खेळाडूच्याही आधी शिक्षक म्हणून जवळचे वाटतात. ते संस्कृतचे प्राध्यापक. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज सुरू केलं, त्याचंच पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज झालं. टिळक रोडवरच्या या एस. पी.मध्ये ते शिकवत. त्या काळी बरेच खेळाडू पतियाळा, नवानगर, होळकर अशा दरबारांच्या आधाराने जगत. पुण्याच्या क्रिकेटला असा राजा नव्हता. इथे कॉलेजं होती, पीवायसी आणि डेक्कन जिमखान्यासारखी मंडळं होती, आणि तास संपवून मैदान गाठणारी पगारदार माणसं होती. देवधरांचा खेळ या मातीतला आहे.

डिसेंबर १९२६ मध्ये गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. भारत कसोटी खेळू शकतो हा विश्वास त्या दौऱ्याने दिला, नायडूंच्या १५३ ने आणि देवधरांच्या या शतकाने. पण कसोटीचा दिवस उजाडला १९३२ मध्ये, आणि चाळिशीतल्या देवधरांना इंग्लंडच्या बोटीत जागा मिळाली नाही. एकही कसोटी त्यांच्या नावावर नाही. मला याची चुटपुट आजही लागते. मात्र त्यांचं सगळ्यात मोठं काम या नकारानंतरचं आहे. महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून त्यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. सांगलीचा विजय हजारे त्यांच्याच हाताखाली होता. पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने केलेल्या नाबाद ३१६ धावा याच काळातल्या. सदू शिंदेची गुगली प्रथम श्रेणीत दिसली तीही याच संघातून. पन्नाशीला टेकलेला प्राध्यापक पोरांकडून खेळून घेत होता आणि स्वतःही त्यांच्यापेक्षा कमी धावत नव्हता.

एक गोष्ट मी मुलांपासून लपवत नाही. धर्मवार संघांच्या १९२० च्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद देवधरांकडे गेलं. विठ्ठल आणि शिवराम पाळवणकर अनुभवाने वरचढ होते, पण जात आडवी आली. दोघांनी जाहीर निषेध करून माघार घेतली. मला त्या दोघांचं बरोबर वाटतं. देवधरांवरचं माझं प्रेम त्याने उणावत नाही. पण पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास सांगायचा तर हे पान फाडून चालणार नाही.

घरातही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ज्या पेठांमध्ये मुलीने पोलकं-परकर सोडून रॅकेट धरणं हाच चर्चेचा विषय होता, तिथे एका संस्कृतच्या प्राध्यापकाने हे होऊ दिलं, याचं मोल मला त्या २४६ धावांइतकंच वाटतं.

१९७३ मध्ये त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला. १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. शंभरी पार करून २४ ऑगस्ट १९९३ ला ते पुण्यातच गेले.

सोळाव्या वर्षी संघात निवड झाली नाही म्हणून किट विकायला काढणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यांना मी १९४४ चा नवानगरविरुद्धचा सामना सांगतो: एका डावात १०५, दुसऱ्यात १४१, आणि देवधरांचं वय बावन्न.