गव्हाच्या पैशातली पुस्तकं

साठ-सत्तरच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी काढलेली आणि आता इथे औषधालाही न सापडणारी कितीतरी मराठी पुस्तकं शिकागो, बर्कली, फिलाडेल्फिया, मॅडिसन इथल्या विद्यापीठांच्या कपाटांत सुखरूप आहेत. ती कुणी दानशूर मराठी माणसानं तिकडे पाठवलेली नाहीत. रोख रुपये मोजून ती विकत घेतली गेली, आणि ते रुपये होते आपण रेशनवर खाल्लेल्या अमेरिकन लाल गव्हाचे.

दुसऱ्या देशात अडकलेला, घरी नेता न येणारा पैसा शिक्षणावर आणि पुस्तकांवर लावायचा, ही युक्ती अमेरिकेला गव्हाच्या आधीपासून माहीत होती. तिचा मूळपुरुष भेटतो चीनमध्ये. १९०० चं बॉक्सर बंड मोडल्यावर विजेत्या राष्ट्रांनी चीनवर जबर भरपाई लादली. अमेरिकेच्या वाट्याची रक्कम तिच्या खऱ्या नुकसानीपेक्षा जास्त भरत होती. १९०८ मध्ये जादा भाग परत करायचं ठरलं, पण चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकवण्यासाठी. या पैशातून १९११ मध्ये पेकिंगला पूर्वतयारीची एक शाळा निघाली. तिचंच पुढे चिंगह्वा विद्यापीठ झालं. चिन्यांच्या बाजूनं पाहिलं तर हा त्यांच्याच खिशातून काढलेला पैसा होता, त्यात उपकार कसले? तरीही विद्यापीठ उभं राहिलं ते राहिलंच.

दुसरी पिढी जन्मली ती महायुद्धाच्या भंगारातून. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याचे ट्रक, जीप, तंबू, यंत्रसामग्री जगभर पडून होती. परत न्यायचं म्हटलं तर मालापेक्षा वाहतूक महाग. तिथल्या तिथे विकायचं तर घेणाऱ्या देशांकडे डॉलर नाहीत. आर्कान्सा राज्याचे नवखे सिनेटर विल्यम फुलब्राइट ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले होते. त्यांनी शिल्लक मालाच्या कायद्यात एक दुरुस्ती सुचवली: माल स्थानिक चलनात विका आणि ते चलन तिथेच विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. करदात्याकडे नवा डॉलर मागायचा नसल्यामुळे कुणी फारशी खळखळ केली नाही. अध्यक्ष ट्रुमन यांनी १ ऑगस्ट १९४६ ला सही केली. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० ला. एकमेकांच्या घरी राहून शिकलेली माणसं युद्धाला सहजासहजी तयार होणार नाहीत, ही फुलब्राइट यांची श्रद्धा होती. ती खरी की भाबडी, यावर वाद घालता येईल. पण कल्पना मंजूर झाली ती हिशेबाच्या जोरावर.

मग गहू आला. १९५१ मध्ये अमेरिकेनं भारताला १९ कोटी डॉलरचं गव्हाचं कर्ज दिलं आणि त्याच्या व्याजातले ५० लाख डॉलर भारतीय विद्यापीठांना अमेरिकन पुस्तकं आणि उपकरणं देण्यासाठी बाजूला काढले. म्हणजे गहू आणि पुस्तक यांची सोयरीक इथेच जुळली होती. फक्त पुस्तकं तिकडून इकडे येत होती.

१० जुलै १९५४ ला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो अमेरिकेच्या ८३ व्या काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा, ४८० क्रमांकाचा कायदा. आपल्याकडे तो पीएल-४८० या नावानंच घरोघरी पोचला. अमेरिकन शेतकऱ्याला हमीभाव देऊन सरकारनं घेतलेलं धान्य कोठारांत साठत चाललं होतं आणि नुसत्या साठवणुकीचाच खर्च वाढत होता. हे धान्य मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकायची सोय या कायद्यानं झाली. पुढे त्याला ‘शांततेसाठी अन्न’ असं गोंडस नाव मिळालं. भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. सर्वात मोठा झाला ४ मे १९६० ला, चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. वॉशिंग्टनमध्ये भारताच्या वतीनं सही करणारे अन्नमंत्री होते मुंबईचे स. का. पाटील.

(गाजरगवत याच गव्हातून आलं असं गावोगाव सांगितलं जातं. पुण्यात त्याची नोंद झाली १९५५ च्या सुमारास, म्हणजे पीएल-४८० चा पहिला करारही व्हायचा होता. १९५१ च्या गव्हातून बी आलं असेल तर असेल. पण या कायद्याला त्या तणाचं बापपण चिकटवणं कालगणनेत बसत नाही.)

गव्हाचे रुपये भारतातल्या अमेरिकेच्या खात्यात जमा होत गेले. बराचसा भाग भारतालाच विकासासाठी कर्जाऊ मिळे, काही वकिलातीच्या खर्चाला जाई, तरी डोंगर वाढतच होता. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक उडाला आणि आपल्याला जगाच्या भाषा येत नाहीत, या जाणिवेनं अमेरिका खडबडून जागी झाली. सप्टेंबर १९५८ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. संरक्षण-शिक्षण कायद्यानं विद्यापीठांतल्या परकीय भाषांच्या केंद्रांना पैसा दिला. आणि मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीनं लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाला गव्हाच्या खात्यातून त्या-त्या देशाची पुस्तकं घेण्याची मुभा दिली. प्रेरणा शीतयुद्धाची होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष खरेदी १९६२ मध्ये दिल्लीतून सुरू झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तिथल्या कार्यालयातले भारतीय कर्मचारी भाषावार पुस्तकं निवडत, अनेक प्रती घेत आणि अमेरिकेतल्या सहभागी ग्रंथालयांकडे रवाना करत. मराठी, तमिळ, बंगाली, उर्दू, मल्याळम. कादंबऱ्या, चरित्रं, सरकारी अहवाल, नियतकालिकं. जे हाती लागलं त्याची यादी दर महिन्याला छापली जाई. आपली स्वतःची राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ मध्ये सुरू झाली होती, पण तिचे अंक रेंगाळत. प्रकाशकांनी ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्यात असा १९५४ चा कायदाही होता आणि तो पाळण्याविषयी प्रकाशकांना उत्साह नव्हता. तेव्हा आपल्याकडे काय छापलं जातंय, याचा ताजा हिशेब परक्या देशाच्या कार्यालयात मिळू लागला. याची लाज आपल्याला वाटायला हवी होती.

त्याच सुमारास, १९६१ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संस्कृतज्ञ नॉर्मन ब्राऊन यांच्या पुढाकारानं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज निघाली. तिचं पहिलं ठाणं होतं पुण्यातलं डेक्कन कॉलेज आणि तिच्या शिष्यवृत्त्यांनाही गव्हाचेच रुपये लागत. पेनसिल्व्हेनियातच एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवली. आपल्या बहुतेक विद्यापीठांना हा विषय तेव्हा प्रबंधाच्या लायकीचा वाटत नव्हता. पुढे दलित साहित्याची इंग्रजी भाषांतरं घडवून आणण्यातही बाईंचा हात होता. भारतीय लोकशाहीचा तळ समजून घेणारी माणसं अमेरिकेत तयार झाली ती अशा अभ्यासातून.

गव्हाचं काय झालं? शिकागो विद्यापीठाचेच अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये इशारा दिला होता की असं स्वस्त धान्य घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव पाडतं. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दोरी आवळली. एकेका खेपेची मंजुरी अडवून ठेवायची, भारताचं शेतीधोरण तपासायचं आणि व्हिएतनामवर इंदिराबाई काय बोलतात तेही पाहायचं. जहाजातला गहू थेट तोंडात, असे ते दिवस होते. ज्या देशानं लाखो लोकांना उपाशी मरण्यापासून वाचवलं, त्याच्याविषयी कृतज्ञतेऐवजी मनात राहिला तो अपमान. १९७१ च्या बांगलादेश युद्धात भारताला धाक घालायला अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा त्या गव्हाचं पुण्य कुणाच्या कामी आलं नाही.

छुप्या पैशाची गत त्याहून वाईट. मुंबईत १९५१ मध्ये सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठी परिषद भरली, तिच्यातून संस्था निघाली, पुढे ‘क्वेस्ट’सारखं चांगलं इंग्रजी नियतकालिक चाललं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कळलं की या संस्थेच्या जागतिक मातृसंस्थेला सीआयएचा पैसा मिळत होता. इथल्या अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता, पण डाग सगळ्यांना लागला.

जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ या संज्ञेला सिद्धान्ताचं रूप दिलं. गोडीनं, आकर्षणानं दुसऱ्याला आपल्याकडे वळवण्याची ही ताकद, आणि तिच्या चर्चेत हॉलिवूड, विद्यापीठं, लोकशाही मूल्यं हे सगळं येतं. म्हणजे आपण जगाला काय दाखवतो ते. माझ्या मते पीएल-४८० च्या खात्यातला सर्वात टिकाऊ खर्च उलट्या दिशेचा होता, दुसऱ्याचं वाचण्यावर केलेला. त्या पुस्तकांनी युद्ध थांबवलं नाही, एखादं सरकारही सुधारलं नाही. पण अन्नाच्या बदल्यात आज्ञाधारकपणा मागणारं धोरण दहा-पंधरा वर्षांत आंबलं आणि पुस्तकांच्या खरेदीविषयी इथे फारशी तक्रार ऐकू आली नाही.

१८ फेब्रुवारी १९७४ ला राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी साचलेल्या रकमेपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन टाकला; तेव्हाचा जगातला सर्वात मोठा धनादेश म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. राखून ठेवलेल्या रुपयांवर पुस्तकखरेदी चालू राहिली. तेही संपल्यावर अमेरिकन ग्रंथालयांनी स्वतःचे डॉलर घालून ती चालू ठेवली. दिल्लीचं कार्यालय आजही मराठी पुस्तकं घेतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण मोबाइलवर उघडतो, तो शिकागो विद्यापीठाच्याच संकेतस्थळावरून.

उलट बाजूनं पाहा. सांस्कृतिक संबंधांसाठी भारतानं १९५० मध्ये परिषद स्थापली, ती जगभर नर्तक आणि गवई पाठवते, ते योग्यच आहे. पण ढाक्याची बंगाली, काठमांडूची नेपाळी, कोलंबोची सिंहली पुस्तकं नियमानं विकत घेणारं विद्यापीठ महाराष्ट्रात कुठे आहे? शेजाऱ्यांशी शांतता हवी असं म्हणणाऱ्या प्रत्येक कुलगुरूनं ही खरेदी यंदाच्या अंदाजपत्रकात घालावी. त्यासाठी गव्हाचं जहाज यायची वाट पाहायला नको.