दुधाने जोडलेलं विमान

बाल्साचं छोटं विमान जोडायला फेव्हिकॉल बरा की सुपरग्लू, यावर पुतण्याचं नि माझं जमत नाही. मग मी इतिहास काढतो. १९४० साली उडालेलं ब्रिटिशांचं मॉस्किटो बाल्सा-प्लायवुडचंच. आधी ते जोडत केसीनने, म्हणजे चक्क दुधातल्या प्रथिनाने! दमट हवेत त्याला बुरशी लागे. आपल्याकडे दूध नासलं तर चहा जातो, तिथे वैमानिकाच्या जिवाशी गाठ! म्हणून पुढे फॉर्मल्डिहाइडचा सरस आला.

सुपरग्लूचं रसायन १९४२ साली अमेरिकेत हाती लागलं नि ‘सगळ्यालाच चिकटतं’ म्हणून बाजूला पडलं! १९५८ साली तेच विक्रीला आलं. पण पंख वाकडा बसला, तर सरळ करायला सवड कुठली? फेव्हिकॉल ती देतो.

पुतण्या सध्या ऐकून घेतोय. त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटलीत.