पतंगमाशी (सायकोडिडी कुल)

द्विपंखी गणातील सायकोडिडी कुलाच्या कीटकांचे सर्वसाधारण नाव. जगात या कुलाच्या तीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील घरांत न्हाणीच्या किंवा संडासाच्या भिंतीवर बसलेली करडी, लवदार माशी ही या कुलाची सर्वांत परिचित प्रतिनिधी. विदर्भात चांदीपुरा तापाच्या संदर्भात जिचे नाव घेतले जाते ती वाळूमाशीही याच कुलातली. दोघींना ‘चिलट’ म्हणून एकाच पारड्यात टाकले जाते, आणि त्यामुळे फवारणी भलत्याच जागी होते.

पंख हे कुलाचे मुख्य लक्षण. भाल्याच्या पात्यासारख्या टोकदार पंखावर दाट केस असतात. ते झटकले की लांबच लांब, जवळजवळ समांतर शिरा दिसतात आणि आडव्या शिरा फक्त पंखाच्या मुळाशी सापडतात. शृंगिका मण्यांच्या माळेसारखी असून प्रत्येक मण्याभोवती केसांचे कडे असते.

लिनियसने 1758 मध्ये यांतील एका जातीला ‘टिप्युला फॅलिनॉइड्स’ म्हटले, म्हणजे ती लांब पायांच्या टिप्युला माश्यांत घातली. लात्रेयने 1796 मध्ये ‘सायकोडा’ ही वेगळी प्रजाती केली आणि न्यूमनने 1834 मध्ये कुलाची स्थापना केली. प्रजाती बदलण्याचा हा क्रम पुढेही थांबला नाही. न्हाणीतल्या माशीचे उदाहरण बोलके आहे. विलिस्टनने 1893 मध्ये तिला ‘सायकोडा आल्बिपंक्टाटा’ हे नाव दिले. पुढे ती ‘टेल्मॅटोस्कोपस’ प्रजातीत गेली आणि आज ‘क्लॉग्मिया आल्बिपंक्टाटा’ म्हणून ओळखली जाते. म्हणून शास्त्रीय नावापुढे विलिस्टनचे नाव कंसात लिहितात : जातीचे नाव त्याचे, प्रजाती मात्र त्याने ठरवलेली नव्हे. जुने अहवाल वाचताना ही तिन्ही नावे एकाच माशीची आहेत हे ठाऊक नसेल, तर नोंदींची सांगड लागत नाही.

कुलाची सहा उपकुले सामान्यतः मानली जातात : सायकोडिनी, फ्लेबोटॉमिनी, ट्रायकोमायिनी, ब्रुकोमायिनी, सायकोरॅसिनी आणि होराइलिनी. शेवटचे नाव भारतीयांना जवळचे वाटावे असे आहे. टॉनवारने 1933 मध्ये भारतातील वाहत्या ओढ्यांतून वर्णिलेल्या ‘होराइला’ प्रजातीवरून ते आले, आणि त्या प्रजातीला मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचे नाव दिलेले आहे. वाळूमाश्यांचे फ्लेबोटॉमिनी उपकुल स्वतंत्र कुल मानावे, असेही काही वर्गीकरणतज्ज्ञांचे मत आहे.

भारतीय जातींचा पाया कलकत्त्यात रचला गेला. पेशाने संगीतकार असलेल्या एनरिको ब्रुनेटी यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील 1912 च्या खंडात या कुलाचा परामर्श घेतला. त्याआधी 1908 मध्ये अनँडेल व ब्रुनेटी यांच्या नावे काळा आजाराची वाहक ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस’ वर्णिली गेली. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी जॉन सिंटन यांनी पुढे भारतीय वाळूमाश्यांच्या मुखपोकळीतील दातांची रचना बारकाईने तपासली. हे काम कष्टाचे आहे : दोन-तीन मिलिमीटरची माशी पारदर्शक करून काचपट्टीवर बसवावी लागते, मग मादीच्या शुक्रकोशाचा आकार आणि घशातले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नुसत्या डोळ्यांनी जात ठरत नाही.

चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये नागपूर भागातील तापाच्या रुग्णांपासून पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरने वेगळा केला. बुलढाण्याला लागून असलेल्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील वाळूमाश्यांतही तो सापडल्याचे 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे या भागात दोन माश्यांतला फरक घरोघरी कळायला हवा. वाळूमाशी पिवळसर असून बसताना पंख उभे, पाठीवर ‘व्ही’ आकारात धरते. मादी रक्त पिते. तिची अळी पाण्यात नसते. गोठ्याच्या, मातीच्या भिंतींच्या भेगांतील ओलसर, शेण-पालापाचोळा मिसळलेल्या मातीत वाढते. क्लॉग्मिया गडद करडी असते, तिच्या पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असतात आणि ती पंख पसरून बसते. तिला चावण्याजोगा मुखभागच नाही. तिची अळी नाली व मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात राहते; तो थर ब्रशने खरवडून काढला की तिची पैदास थांबते. वाळूमाशीसाठी भिंतींच्या भेगा लिंपणे, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवणे आणि आरोग्य विभागाकडून भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी करवून घेणे हे उपाय आहेत.