टक्क्यांतला बदल कसा काढायचा? खोपोली, कर्जत आणि माथेरानच्या आकड्यांतून समजून घ्या

रिचार्ज किती महागला, फोन किती स्वस्त झाला, फॉलोअर्स किती वाढले, हे सगळं आपल्याला टक्क्यांत सांगितलं जातं. तो टक्का स्वतः तपासता आला तर कोणी सहज फसवू शकत नाही.

सूत्र

टक्केवारीतला बदल = (नवीन संख्या − जुनी संख्या) ÷ जुनी संख्या × १००

उत्तर अधिक आलं तर वाढ, उणे आलं तर घट. भागायचं मात्र नेहमी जुन्या संख्येनेच.

उदाहरण: जनगणना

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीची लोकसंख्या २००१ मध्ये ५८,६५७ होती, २०११ मध्ये ७१,१४१ झाली. फरक १२,४८४. त्याला ५८,६५७ ने भागून १०० ने गुणलं की येते २१.२८ टक्के वाढ.

कर्जत शहर याच काळात २५,५३१ वरून २९,६६३ वर गेलं. म्हणजे ४,१३२ माणसं वाढली, १६.१८ टक्के. माणसांच्या हिशेबात खोपोलीची वाढ कर्जतच्या तिप्पट दिसते, पण टक्क्यांत अंतर बरंच कमी आहे. कारण खोपोली मुळातच मोठी. लहान-मोठ्या गोष्टींची तुलना करायला टक्केवारी लागते ती यासाठीच.

घट भरून काढताना

कर्जत तालुक्यातलंच माथेरान ५,१३९ वरून ४,३९३ वर आलं. ७४६ माणसं कमी, म्हणजे १४.५२ टक्के घट. आता पुन्हा ५,१३९ व्हायला किती वाढ हवी? १४.५२ नाही, तर १६.९८ टक्के! माणसं तेवढीच ७४६, पण आता भागायचं ४,३९३ ने. म्हणूनच १,००० रुपयांची वस्तू आधी २० टक्के महाग आणि मग २० टक्के स्वस्त केली, तर किंमत ९६० होते, १,००० नाही.

टक्के आणि पर्सेंटेज पॉइंट

१ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इथे कराचा दर ६ पर्सेंटेज पॉइंटने वाढला. दरातली वाढ ५० टक्के. आणि १०,००० रुपये मूळ किमतीचा फोन ११,२०० ऐवजी ११,८०० ला, म्हणजे ५.३६ टक्के महाग. तिन्ही आकडे बरोबर आहेत; बातमीत कुठला वापरलाय ते बघा.

फोनवर झटपट

कॅल्क्युलेटरमध्ये नवीन संख्येला जुन्या संख्येने भागा. ७१,१४१ ÷ ५८,६५७ = १.२१२८. त्यातून १ वजा करा, १०० ने गुणा. झालं! जुनी संख्या शून्य असेल तर मात्र टक्केवारी निघत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. तिथे सरळ आकडाच सांगा.

पुढच्या वेळी "इतके टक्के वाढ" असं वाचलंत की आधी एकच विचारा: कशाच्या तुलनेत?